सुरू न होणाऱ्या यंत्राची चौकशी

२० मे २०१५ रोजी फ्लोरिडातील केप कॅनव्हेरलवरून एक ॲटलास-५ अग्निबाण उडाला. त्यावरचा मानाचा प्रवासी म्हणजे अमेरिकी हवाई दलाचे एक्स-३७बी हे यान. उरलेल्या जागेत काही चिमुकले उपग्रह बसवले होते. त्यांतलाच एक ‘लाइटसेल’. कार्ल सेगन, ब्रूस मरे आणि लुई फ्रीडमन यांनी १९८० साली काढलेल्या प्लॅनेटरी सोसायटीने तो सभासदांच्या आणि देणगीदारांच्या पैशांतून बनवला होता. आकार दहा बाय दहा बाय तीस सेंटिमीटर, पोटात घडी घालून ठेवलेले बत्तीस चौरस मीटरचे शीड, आणि सगळा कारभार एका छोट्या संगणकाच्या हाती. त्या संगणकावर लिनक्स चालत होते.

दोन दिवस सगळे सुरळीत गेले. उपग्रह दर पंधरा सेकंदांनी रेडिओवरून आपली खुशाली कळवत होता. २२ मे रोजी तो एकाएकी गप्प झाला.

कारण सापडले ते ऐकून कोणत्याही प्रोग्रामरला मान खाली घालावीशी वाटेल. खुशालीचा प्रत्येक संदेश उपग्रहावरच्या एका फाइलीतही लिहिला जात होता. फाइल वाढत गेली, बत्तीस मेगाबाइटला पोचली आणि तिथे सगळी यंत्रणा कोसळली. इलेक्ट्रॉनिक्सचा बोर्ड बनवणाऱ्यांनी सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीत हा दोष काढूनही टाकला होता, पण ती आवृत्ती या उपग्रहात भरलेली नव्हती.

जमिनीवरून ‘रीबूट हो’ हा हुकूम पुन्हा पुन्हा धाडला गेला. उपयोग शून्य, कारण तो ऐकणारे सॉफ्टवेअरच निपचित पडलेले. मग अभियंत्यांनी जिच्यावर भिस्त ठेवली ती गोष्ट चमत्कारिक होती. अवकाशातला एखादा भारित कण चिपवर आदळला की छोट्या उपग्रहांचे संगणक अधूनमधून आपोआप रीसेट होतात, हा इतरांचा अनुभव. एरवी ज्या कणांपासून यंत्र वाचवायचे, त्यांचीच आता आळवणी. ३० मे रोजी उपग्रह खरोखरच पुन्हा बोलू लागला आणि ७ जूनला शीड उघडले.

आजच्या व्याख्यानाचा विषय छोटी, दुसऱ्या यंत्रांच्या पोटात बसलेली युनिक्सच्या घराण्यातली यंत्रे आणि ती सुरू का होत नाहीत याचा शोध हा आहे. असा विषय स्मृतिव्याख्यानाला शोभतो का, अशी शंका काही श्रोत्यांना येईल. पण आज घरातला राउटर, इमारतीचा सीसीटीव्ही रेकॉर्डर, मोटारीचा पडदा, टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स यांतल्या बहुतेकांच्या आत लिनक्सच असते. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ज्याचा पाया घातला, ते युनिक्स खोलीएवढ्या यंत्रांच्या काळातले. त्याची वळणे आज काडेपेटीएवढ्या बोर्डांवर नांदतात. ती यंत्रे बंद पडतात, आणि बंद पडली की बहुतांश लोक ती फेकून देतात. फेकलेल्यांतली कितीतरी मेलेली नसतात. ती सुरू होता होता वाटेत अडकलेली असतात.

कुठे अडकली, एवढेच शोधायचे असते.

बीगलबोन ब्लॅक हा २०१३ साली आलेला बोर्ड डोळ्यांसमोर ठेवू. त्यावर ५१२ मेगाबाइट रॅम आहे. पण वीज चालू केल्याक्षणी प्रोसेसरला ती वापरताच येत नाही. रॅमशी कोणत्या गतीने, किती थांबून बोलायचे याची मापे कोणीतरी आधी भरावी लागतात. म्हणून चिपच्या आत, कारखान्यातच कोरलेला १७६ किलोबाइटचा एक रॉम असतो. तो एसडी कार्डावर किंवा बोर्डावरच्या फ्लॅशवर एक छोटा प्रोग्राम शोधतो. हा प्रोग्राम चिपच्या पोटातल्या स्मृतीतच मावला पाहिजे. कमाल मर्यादा १०९ किलोबाइट. तो रॅम जागी करतो आणि यू-बूट हा मोठा बूटलोडर, म्हणजे पुढची प्रणाली उठवून देणारा प्रोग्राम, आणतो. यू-बूट कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणतो, सोबत बोर्डावर कोणते सुटे भाग कुठे आहेत याची यादी, म्हणजे डिव्हाइस ट्री, देतो. कर्नल रूट फाइलसिस्टीम जोडतो आणि इनिट नावाचा पहिला प्रोग्राम सुरू करतो. मग बाकीचे.

बिघाड कुठल्याही पायरीवर होऊ शकतो, पण बाहेरून दिसते एकच: दिवा लागलाय आणि काहीच होत नाही. वायफाय नाही, पडदा काळा. या अवस्थेत बहुतेक जण पहिली चूक करतात ती अंदाजाने वस्तू बदलण्याची. कार्ड बदल, ॲडॅप्टर बदल, सगळे पुन्हा भर. एखादे वेळी लागूही पडते. पण नेमके काय बिघडले होते ते कळत नाही, आणि महिन्याभराने तोच डबा पुन्हा टेबलावर येतो.

कळायचे असेल तर यंत्राचे बोलणे ऐकले पाहिजे. ही यंत्रे सुरू होताना सतत बोलत असतात, फक्त आपल्याला ऐकू येईल अशा जागी नाही. जवळजवळ प्रत्येक बोर्डावर सिरियल कन्सोलच्या तीन-चार पिना असतात. कधी पिना लावलेल्याच नसतात, नुसती भोके असतात. ग्राउंड, पाठवायची तार आणि घ्यायची तार. बोर्डाची पाठवायची तार यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरच्या घ्यायच्या पिनेला जोडायची आणि कन्व्हर्टरची पाठवायची तार बोर्डाच्या घ्यायच्या पिनेला. हा कन्व्हर्टर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला काहीशे रुपयांत मिळतो. त्यावर ३.३ व्होल्ट आणि ५ व्होल्ट निवडायचा जंपर असेल तर तो ३.३ वर आहे ना, हे जोडण्याआधी बघावे. जुन्या संगणकाच्या मागचे नऊ पिनांचे पोर्ट थेट लावू नये. त्यातला व्होल्टेज बोर्डाची पिन जाळू शकतो. लाल तार, म्हणजे विजेची, जोडायचीच नाही. गती बहुधा सेकंदाला १,१५,२०० बिट. गती चुकली तर पडद्यावर चित्रविचित्र कचरा उमटतो. नवखा माणूस त्याने हिरमुसतो, खरे तर त्याने खूश व्हायला हवे. कचरा आला म्हणजे समोर कोणीतरी जिवंत आहे.

बीगलबोनच्या या तारेवर कधी कधी एक गंमत दिसते. इंग्रजी ‘सी’ हे अक्षर, मग पुन्हा ‘सी’, पुन्हा ‘सी’, थांबतच नाही. तो कचरा नसतो. रॉमला कुठेच सुरू करण्याजोगा प्रोग्राम सापडलेला नाही, म्हणून तो सिरियल तारेवरूनच एक मागतो आहे. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ साली लिहिलेल्या एक्समोडेम या फाइल पाठवण्याच्या पद्धतीच्या सुधारित रूपात घेणारा ‘पाठवा’ म्हणायला हे अक्षर वापरतो. त्या एका अक्षरातून किती गोष्टी निकालात निघतात पाहा: वीज ठीक, प्रोसेसर ठीक, क्लॉक ठीक, तार ठीक. दोष उरला तो कार्डात किंवा कार्ड निवडण्यात. या बोर्डावर एसडी कार्डावरून सुरू व्हायचे तर एस-२ नावाचे बटण दाबून धरून मग वीज द्यावी लागते. चालू बोर्डावर बटण दाबून नुसते रीसेट केले तर चालत नाही, कारण कुठून सुरू व्हायचे हे प्रोसेसर वीज येतानाच ठरवतो. या एका गोष्टीपायी अनेकांची चांगली कार्डे पुन्हा पुन्हा पुसली गेली आहेत.

पुढच्या पायरीवर यू-बूट एक घाबरवणारी ओळ छापतो: सेटिंग्जचा चेकसम चुकला, मूळ सेटिंग्ज वापरतो आहे. नव्या बोर्डावर ती अगदी नेहमीची. कोणी सेटिंग्ज जतनच केलेल्या नसतात. असे खोटे सुगावे ओळखायला सराव लागतो. त्यावरचा उपाय साधा: तसाच एक धडधाकट बोर्ड घ्यावा, त्याच्या सुरू होण्याचा सगळा मजकूर फाइलीत उतरवून ठेवावा आणि आजारी बोर्डाचा मजकूर त्याच्या शेजारी मांडावा. जिथे दोघांची वाट फुटते, तिथून चौकशी सुरू.

सर्वांत छळणारी जागा मात्र त्यानंतरची. यू-बूट सांगतो, ‘स्टार्टिंग कर्नल’, पुढे तीन टिंबे. आणि मग काही नाही. तासभर बघत बसलात तरी काही नाही.

इथे नव्वद टक्के लोक म्हणतात, कर्नल मेला. नेहमी तसे नसते. एक खरे प्रकरण घ्या. ४ जानेवारी २०११ रोजी लिनक्स कर्नलची २.६.३७ ही आवृत्ती आली. तिच्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ओमॅप जातीच्या चिपांसाठी नवा सिरियल ड्रायव्हर आला, आणि त्याने आपल्या पोर्टांची नावे बदलली. बीगलबोनच्याच घराण्यातल्या, त्याच्या आधीच्या बीगलबोर्डावर जे पोर्ट आजवर ‘टीटीवायएस२’ होते ते ‘टीटीवायओ२’ झाले. लोकांनी नवा कर्नल भरला. पण यू-बूटच्या सेटिंग्जमध्ये कन्सोलचे जुनेच नाव होते. कर्नल व्यवस्थित उठला, सगळी कामे केली, फक्त ज्या पोर्टावर बोलायला सांगितले होते ते अस्तित्वातच नव्हते. बोर्ड ठणठणीत आणि मुका. ते नाव सुधारले तरी काहींना लॉगिनचा प्रॉम्प्ट मिळेना, कारण इनिटच्या सेटिंग्जच्या फाइलीतही जुने नाव तसेच राहिलेले. वर इंग्रजी ‘ओ’च्या जागी शून्य टाइप करणारेही निघाले.

कर्नल मुका आहे की मेलेला, हे ठरवायची एक सुंदर युक्ती जुन्या जाणत्यांकडे असते. कर्नल आपला प्रत्येक संदेश छापण्याआधी रॅममधल्या एका पट्ट्यात लिहितो. कर्नल तयार करताना निघणाऱ्या ‘सिस्टम डॉट मॅप’ या फाइलीत त्या पट्ट्याचा पत्ता सापडतो. बोर्ड अडकला की वीज तोडायची नाही, नुसते रीसेटचे बटण दाबायचे. रॅममधला मजकूर तेवढ्याने सहसा पुसला जात नाही. यू-बूट आला की त्याला थांबवायचे आणि स्मृती दाखवण्याच्या आज्ञेने तो पत्ता उघडायचा. कर्नलचे आभासी पत्ते आणि यू-बूटचे खरे पत्ते यांतला फरक वजा करावा लागतो, एवढेच. मग पडद्याच्या उजव्या बाजूला, आकड्यांच्या रांगांशेजारी, मृताची जबानी अक्षर अक्षर वाचता येते. पट्टा रिकामा असेल तर कर्नल खरोखर पहिल्याच पावलाला पडला. डिव्हाइस ट्री चुकीची किंवा भलत्याच पत्त्यावर ठेवलेली, असा संशय घ्यावा.

कर्नल बोलला आणि मग मेला, तर काम सोपे. त्याचे शेवटचे शब्द बहुधा ठरलेले असतात: कर्नल पॅनिक, रूट फाइलसिस्टीम जोडता येत नाही, ‘अननोन ब्लॉक’, आणि कंसात दोन आकडे. लोक पॅनिक शब्दापाशी थांबतात; वाचायचे असतात ते आकडे. कंसात दोन्ही शून्य असतील तर कर्नलला ते साधन सापडलेलेच नाही: ड्रायव्हर नाही, किंवा नाव चुकले, किंवा कार्ड ओळखायला वेळ लागतो आणि कर्नल थांबलाच नाही. या शेवटच्या कारणाला ‘रूटवेट’ हा एक शब्द सेटिंग्जमध्ये घातला की पुरते. कंसात १७९ आणि २ असतील तर कथा वेगळी. १७९ हा एमएमसी म्हणजे एसडी कार्डांचा क्रमांक, २ म्हणजे दुसरे पार्टिशन. साधन सापडले आहे. त्यावरची फाइलसिस्टीम कर्नलला वाचता येत नाही. पहिल्या प्रकारात कार्ड पुन्हा भरणे निरर्थक, दुसऱ्यात कदाचित तोच उपाय.

आणखी एक कोडे. कर्नल सांगतो: इनिट चालवता आले नाही, चूक उणे दोन, म्हणजे फाइल नाही. कार्ड काढून लॅपटॉपला लावून बघावे तर फाइल जागच्या जागी. मग कर्नल खोटे बोलतो? नाही. तो प्रोग्राम एकटा चालत नाही. त्याला जोडणी करून देणारा लोडर नावाचा दुसरा प्रोग्राम लागतो आणि तो त्या कार्डावर नाही. एआरएम चिपांवर दशांश गणिताच्या दोन वेगळ्या पद्धतींसाठी दोन वेगळे लोडर आहेत. एका पद्धतीचा इनिट दुसऱ्या पद्धतीच्या सामानात टाकला की हे हमखास होते. याचेच धाकटे भावंड म्हणजे विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये सुधारलेली सुरुवातीची स्क्रिप्ट. ओळीच्या शेवटी एक न दिसणारे चिन्ह जास्तीचे येते, आणि यंत्र ‘शेल सापडत नाही’ म्हणून हात वर करते.

या सगळ्या सॉफ्टवेअरच्या खाली वीज आहे, आणि तिच्याकडे लक्ष शेवटी जाते. जून २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ हा बोर्ड बाजारात आला. त्याला वीज यूएसबी-सी तारेने द्यायची. काही जणांचा बोर्ड साध्या तारेवर चालायचा आणि महागड्या, चांगल्या तारेवर उठायचाच नाही. तपास केल्यावर कळले की बोर्डावर जिथे दोन रेझिस्टर हवेत तिथे दोन पिनांत मिळून एकच ठेवला होता. हुशार चिप असलेली तार लावली की चार्जरला समोर संगणक नव्हे, ऑडिओ ॲडॅप्टर आहे असे वाटे, आणि तो वीजच देत नसे. कंपनीने चूक कबूल केली आणि पुढच्या आवृत्तीत बोर्ड सुधारला. त्याहून विलक्षण प्रकरण फेब्रुवारी २०१५ चे. नुकताच आलेला पाय २ बोर्ड फोटो काढताच बंद होई! झेनॉन फ्लॅशचा प्रखर झोत विजेचे नियमन करणाऱ्या एका उघड्या चिपवर पडे, सिलिकॉनमध्ये प्रकाशाने विद्युत्प्रवाह निर्माण होई आणि बोर्ड रीसेट. इलाज काय, तर चिपवर अपारदर्शक लांबीचा एक ठिपका.

इतका वेळ आपण एकदाच अडकलेल्या यंत्रांबद्दल बोललो. आता अशा यंत्राकडे वळू जे अडकत नव्हते, उलट थांबायलाच तयार नव्हते.

‘स्पिरिट’ ही नासाची बग्गी ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावरच्या गुसेव्ह विवरात उतरली. तिच्यावरचे व्हीएक्सवर्क्स युनिक्सच्या थेट घराण्यातले नाही, पण शेजारातले नक्की. प्रोसेसर २० मेगाहर्ट्झचा, रॅम १२८ मेगाबाइट, फ्लॅश २५६ मेगाबाइट. २१ जानेवारीला, म्हणजे मंगळावरच्या अठराव्या दिवशी, तिच्याशी नीट संपर्क होईना. पहिला संशय गेला ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा केंद्रावरच्या वादळी पावसावर. मग मधूनच एखादा निरर्थक संदेश, एखादी नुसती पोच. पुढच्या दोन दिवसांत जेमतेम काही माहिती हाती लागली आणि चित्र स्पष्ट झाले: बग्गी पुन्हा पुन्हा रीसेट होत होती, साठांहून अधिक वेळा झाली होती. रात्री झोपायचे ते झोपत नव्हती, त्यामुळे बॅटरी उतरत होती. आणि जुळी बग्गी ‘ऑपॉर्च्युनिटी’ त्याच आठवड्यात उतरायची होती.

दोष फ्लॅशवरच्या फाइलसिस्टीमच्या व्यवस्थेत होता. तिची यादी रॅममध्ये उतरवून ठेवली जाई. सात महिन्यांच्या प्रवासातल्या फाइली आणि मंगळावरच्या नव्या फाइली मिळून ती यादी फुगत गेली, पुसलेल्या फाइलींनीही तिच्यातली जागा सोडली नाही. शेवटी रॅम पुरेना. रॅम पुरत नाही म्हणून रीसेट; रीसेटनंतर पहिले काम फ्लॅश जोडणे; फ्लॅश जोडायला तीच यादी रॅममध्ये; पुन्हा रॅम पुरत नाही. चक्र पूर्ण. कोट्यवधी किलोमीटरांवर अडकलेला हा बूटलूप.

अभियंत्यांपाशी एक वाट होती. फ्लॅशला हातही न लावता, फाइलींचे काम रॅममध्येच भागवत सुरू व्हायचे, अशी सोय आधीच करून ठेवलेली. तिला ते ‘क्रिपल्ड मोड’, म्हणजे लंगडी अवस्था म्हणत. २४ जानेवारीला तसा हुकूम दिला गेला आणि बग्गी शांत झाली. पुढे जुन्या फाइली काढल्या, फेब्रुवारीत फ्लॅश नव्याने फॉरमॅट केला. नव्वद दिवसांसाठी बनवलेली ती बग्गी मार्च २०१० पर्यंत बोलत होती.

लाइटसेल आणि स्पिरिट शेजारी ठेवले की या विषयाचा गाभा हाती येतो. लाइटसेलला हवा तेव्हा रीसेट मिळेना. स्पिरिटला नको तितके रीसेट मिळत होते. बिघाड दोन्हीकडे जवळपास एकाच जातीचा, फाइलींच्या वाढीचा हिशेब न ठेवल्याचा. स्पिरिट वाचली ती तपास करणाऱ्यांच्या हुशारीमुळे हे खरे, पण ती हुशारी चालवायला आधी कोणीतरी फ्लॅशवर विसंबून नसलेली वाट बांधून ठेवली होती म्हणून. लाइटसेलकडे तशी वाट नव्हती; तो नशिबाने वाचला. बूट होत नसलेले यंत्र दुरुस्त होईल की नाही, हे बिघाडाच्या दिवशी नव्हे, आराखड्याच्या दिवशी ठरलेले असते. नुसता वॉचडॉग, म्हणजे यंत्र गप्प झाले की त्याला आपोआप रीसेट करणारा पहारेकरी, लावून भागत नाही. वॉचडॉग यंत्राला पुन्हा त्याच वाटेवर सोडतो, आणि खड्डा वाटेवरच असेल तर पुन्हा त्याच खड्ड्यात. दुसरी वाट हवी.

जमिनीवर हे किती महागात पडते ते २०२१ साली दिसले. टेस्लाच्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स या मोटारींच्या मधल्या पडद्यामागचा संगणक आठ गिगाबाइटच्या फ्लॅशवर चालत होता. अशा फ्लॅशवर लिहिण्या-पुसण्याची मर्यादा असते. या चिपची सुमारे तीन हजार वेळा. नोंदी लिहिता लिहिता पाच-सहा वर्षांत ती संपे, आणि पडदा सुरूच होत नसे. मागचे दाखवणारा कॅमेरा गेला, काचेवरचे धुके काढण्याचे नियंत्रण गेले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने आग्रह धरला आणि सुमारे एक लाख पस्तीस हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. गाडी शाबूत, एक चिप लिहून लिहून झिजली.

आपल्याकडे झिजण्याच्या जोडीला वीज जाण्याची भर. लिहिता लिहिता वीज गेली की कार्डावरची फाइलसिस्टीम अर्धवट राहते. म्हणून रूट फाइलसिस्टीम फक्त वाचण्यापुरती जोडावी, नोंदी रॅममध्ये ठेवाव्यात, आणि प्रणालीच्या दोन प्रती असाव्यात. एक बिघडली तर दुसरी. यू-बूटमध्ये सुरू होण्याचे प्रयत्न मोजून ठराविक संख्येनंतर वाट बदलण्याची सोय कित्येक वर्षांपासून आहे. ती चालू करायला दोन-तीन ओळी लागतात. बाजारातल्या स्वस्त डब्यांत त्या दोन-तीन ओळी क्वचित दिसतात.

लोकांना वाट मिळाली नाही की ते ती उकरतात. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर डिसेंबर २००२ मध्ये आला. आत लिनक्स आहे हे हौशी लोकांच्या लक्षात आले, परवान्यानुसार कंपनीला २००३ साली सोर्स कोड खुला करावा लागला, आणि त्यातून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. चार मेगाबाइट फ्लॅशच्या त्या डब्यात लोक नवनवी सॉफ्टवेअरे भरू लागले आणि अर्थातच डबे ‘ब्रिक’, म्हणजे विटेसारखे निर्जीव, होऊ लागले. त्याच्या बूटलोडरमध्ये ‘बूट वेट’ नावाचे एक सेटिंग होते: ते चालू असेल तर सुरू होताना काही सेकंद थांबून नेटवर्कवरून नवे सॉफ्टवेअर स्वीकारायचे. बऱ्याच डब्यांत ते बंद असे. मग लोकांनी राउटरच्या स्वतःच्या पिंग तपासण्याच्या पानातली एक चूक वापरली. पत्त्याच्या चौकटीत पत्त्याऐवजी आज्ञा टाइप करून ते सेटिंग चालू करून घेतले. सुरक्षेचे भोक हीच सुटकेची खिडकी झाली. ज्यांनी आधी ते केले नाही ते फ्लॅश चिपच्या दोन पिना सुईने जोडण्यासारखे अघोरी उपाय करत बसले. काही डबे त्याने उठले, काही कायमचे गेले.

इतकी खटपट केवळ एका सेटिंगापायी. ते सेटिंग मुळात चालू ठेवायला कंपनीला काही खर्च नव्हता.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. वस्तू दुरुस्त करण्याची माहिती ग्राहकापर्यंत पोचावी हा त्यामागचा हेतू स्वागतार्ह आहे. पण बूट न होणाऱ्या डब्याच्या बाबतीत माहिती म्हणजे काय, हे कोणीतरी नेमके सांगायला हवे. सेवा केंद्राचा फोन नंबर म्हणजे ती माहिती नव्हे. सिरियल पिना कुठे आहेत, बूटलोडर कसा थांबवायचा आणि मूळ सॉफ्टवेअरची प्रत कुठून घ्यायची, या तीन गोष्टी म्हणजे ती माहिती.

या सभागृहात अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, आणि पुण्यातल्या, नाशिकातल्या छोट्या कारखान्यांतून शेतीचे पंप, वीजमीटर, सीसीटीव्ही यांसाठी बोर्ड बनवणारेही काही जण असतील. त्यांना एवढीच विनंती: पुढच्या बोर्डाचा आराखडा करताना सिरियलच्या पिना काढून टाकू नका, भोकांशेजारी ‘ग्राउंड’, ‘टीएक्स’, ‘आरएक्स’ आणि ‘३.३ व्होल्ट’ ही अक्षरे पांढऱ्या शाईत छापा, आणि प्रणालीची दुसरी प्रत ठेवायला पुरेल एवढी मोठी फ्लॅश निवडा.